घाटातील गाडी आणि मागचे इंजिन

गेल्या रमजान ईदनंतरच्या आठवड्यातील गोष्ट. जोहरची नमाज पढून मी जानमाज घडी करत होते. धाकटीने मोबाइल आणून समोर धरला आणि विचारले, "अम्मी, हा भाईजान आहे ना?"

चौदा सेकंदांची रील होती. घाटातला एक बोगदा. बोगद्याच्या तोंडाशी, रुळाच्या अगदी कडेला पाठमोरा उभा असलेला एक मुलगा. आतून वाढत जाणारा उजेड, कानठळ्या बसवणारा भोंगा आणि मग गाडी. मुलगा शेवटच्या क्षणी बाजूला उडी मारतो, मित्र ओरडतात, हसतात. चेहरा कुठेच दिसत नव्हता. पण अंगातला निळा कुर्ता मी ओळखला. ईदसाठी मीच तो अंधेरीच्या बाजारातून आणला होता.

आमचा थोरला पंधरा वर्षांचा, नववीत शिकणारा. त्या दिवशी तो "मित्राकडे अभ्यासाला जातो" म्हणून घरातून निघाला होता. आम्ही वर्सोव्याला राहतो. समुद्र जवळ म्हणून आजवर पाण्याची भीती घालत आलो. डोंगरातल्या रुळांची भीती घालावी लागेल, हे मनातही आले नव्हते.

रात्री ह्यांना दाखवले. त्यांनी रील दोनदा पाहिली. मग मुलाचा मोबाइल काढून कपाटात ठेवला आणि "आजपासून रेल्वेचं नाव या घरात निघणार नाही" एवढेच म्हणाले. त्यानंतर तीन आठवडे घरात विचित्र शांतता होती. विचारले तर "हो", "नाही", "जेवलो". यापलीकडे मुलगा बोलायचा नाही.

एक दिवस त्याचे दप्तर आवरताना दोन जाड वह्या हाती लागल्या. मला वाटले गणिताच्या असतील. उघडल्या तर पानामागून पान आखलेले: तारीख, वेळ, स्टेशन, गाडीचे नाव, इंजिनाचा नंबर. दोन वर्षांच्या नोंदी होत्या. अंधेरी, घाटकोपर, दादर, कल्याण. कुठल्या गाडीला कुठले इंजिन लागले, ती किती मिनिटे उशिरा आली, सगळे सुवाच्य अक्षरात. शाळेच्या वहीत तो इतके चांगले अक्षर कधी काढत नाही.

वह्या मी सासूबाईंना दाखवल्या. माझे सासरे, अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाने उलटली. म्हणाल्या, "हे पोराच्या रक्तातलं आहे गं. तुम्ही ते काढायला बघताय. ते निघायचं नाही, चोरून होईल. त्याला गाड्याच बघायच्या आहेत ना? मग आपण घेऊन जाऊ की. मीही येते."

ह्यांची समजूत पटायला पावसाळा सरावा लागला. शेवटी नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीतील एक शनिवार-रविवार ठरला. मुलाला एकच अट घातली: कार्यक्रम तू आखायचा, पण रूळ ओलांडायचे नाहीत, फलाटाची पिवळी रेघ ओलांडायची नाही. त्याने मान हलवली आणि त्याच रात्री वेळापत्रक घेऊन बसला.

घाट कशासाठी पाहायचा?

निघण्याआधी मीही थोडे वाचून घेतले. मुलाच्या छंदाविषयी आपल्याला काहीच कळत नसेल तर बोलायचे तरी काय?

मुंबई-पुणे मार्गावरचा भोर घाट आपण सगळे झोपेत किंवा वडापाव खाता खाता पार करतो. पण १८६३ पूर्वी तो आगगाडीने पार करताच येत नव्हता. घाटाखाली खोपोलीपर्यंत एक गाडी, घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत दुसरी, आणि मधला चढ पालखीत, घोड्यावर किंवा पायी. कर्जतकडून खंडाळ्याकडे रूळ नेताना सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५० मीटरहून जास्त उंची गाठायची होती. त्यासाठी मूळ मार्गावर २५ बोगदे आणि ८ मोठे पूल बांधावे लागले.

काम १८५६ मध्ये सुरू झाले. मुख्य इंजिनीअर होते जेम्स बर्कली. पहिल्या कंत्राटदाराच्या काळात मजुरी थकली, १८५९ मध्ये कामगार खवळले आणि कंत्राट बदलले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. परक्या मुलखात विधवा झालेली त्याची पत्नी ॲलिस परत गेली असती तर कुणी नावे ठेवली नसती. पण तिने कंत्राट आपल्या हाती घेतले, जाणकार इंजिनीअर नेमले आणि काम तडीस नेले. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांत बायका होत्या, मुले होती. पटकी, ताप आणि सुरुंगांच्या स्फोटांत हजारोंनी जीव गमावला. पुस्तकांतून बर्कली भेटतो, ट्रेडवेल भेटतात. पाट्या वाहणारी माणसे नावाने भेटत नाहीत.

हे मी जेवताना वाचून दाखवले तेव्हा मुलाने तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ राखलेले मौन पहिल्यांदा नीट मोडले. "अम्मी, तुला रिव्हर्सिंग स्टेशन माहीत आहे?" मला माहीत नव्हते. त्याने चमचा आणि ताट घेऊन समजावले. खंडाळ्याच्या खाली डोंगर इतका अरुंद होता की रूळ वळवायला जागाच नव्हती. म्हणून गाडी सरळ एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून मार्ग बदलला, तेव्हा ही कसरत संपली. ह्यांनी ताटावरून नजर न उचलता विचारले, "मग ते जुने रूळ कुठे गेले?" मुलगा वडिलांकडे पाहतच राहिला. त्या घरात रेल्वेचे नाव पुन्हा निघाले होते.

कर्जतच्या फलाटावर

शनिवारी पहाटे फजर पढून निघालो. वर्सोव्याहून मेट्रोने घाटकोपर, तिथून कर्जत लोकल. मेट्रोमुळे हा प्रवास आता सोपा झाला आहे. सासूबाईंच्या पिशवीत खिमा-पाव, उकडलेली अंडी, नारळाच्या वड्या आणि पाण्याच्या तीन बाटल्या. बदलापूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताच्या पेंढ्या दिसू लागल्या. डोंगर अजून हिरवे होते, पण कडेचे गवत पिवळे पडू लागले होते. पावसाळ्यात दुधासारखे कोसळणारे धबधबे आता काळ्या कड्यावर ओल्या रेघेएवढे उरले होते.

कर्जतला उतरून फलाट तिकिटे काढली. लोकलचे तिकीट प्रवासापुरते असते. फलाटावर बसून गाड्या पाहायच्या तर फलाट तिकीट हवे, हे मुलानेच सांगितले. दहा रुपयांत दोन तास. मग तो आम्हाला फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला घेऊन गेला. "लोक इंजिन बघायला पुढे पळतात. इथली खरी गंमत मागे असते."

थोड्या वेळाने पुण्याकडे जाणारी एक्सप्रेस येऊन थांबली. शेवटच्या डब्यामागे पलीकडून एकमेकांना जोडलेली इंजिने हळूहळू सरकत आली. धक्का जाणवेल न जाणवेल इतक्या बेताने ती डब्याला टेकली. एका कर्मचाऱ्याने खाली उतरून कपलिंग जोडले. पुढून शिट्टी, मागून शिट्टी, आणि गाडी निघाली. पुढचे इंजिन ओढत होते, मागची ढकलत होती.

ही मागची इंजिने म्हणजे "बँकर". घाटाचा चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेले की गाडी १ फूट वर चढते. आपल्याला हा चढ विशेष वाटणार नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असते, तिथे तो फार असतो. "मग सगळी इंजिने पुढेच का नाही लावत?" मी विचारले. मुलगा म्हणाला, "सगळा ताण मधल्या जोडांवर येईल ना. आणि समजा चढावर एखादा जोड तुटलाच, तर मागचे डबे उतारावरून घरंगळत सुटतील. मागे बँकर असला की तो त्यांना धरून ठेवतो."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे पुढच्याला दिसतही नाही मागे कोण आहे ते."

"दिसत नाही, पण त्याला माहीत असतं, दादी."

दुपारपर्यंत त्याने वहीत अकरा नोंदी केल्या. धाकटीला त्याने इंजिनावरची अक्षरे वाचायला शिकवली. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी विजेवर चालणारे; पी असेल तर प्रवासी गाडीचे, जी असेल तर मालगाडीचे. मागे लागणारी बँकर इंजिने बहुतेक मालगाडीच्या जातीची निघाली, म्हणून तिने त्यांचे नाव "हमाल" ठेवले. सोलापूरची वंदे भारत मात्र बँकर न घेताच घाट चढते, कारण तिची ताकद एका इंजिनात नसून डब्यांखालच्या मोटारींत वाटलेली असते. तिच्या निम्म्या डब्यांना स्वतःच्या मोटारी आहेत.

तो एक प्रश्न

बँकरवर काम करून आलेले एक लोको पायलट बाकावर डबा उघडून बसले होते. मुलाची वही पाहून त्यांनी स्वतःच जवळ बोलावले. वही चाळली, दोन चुका दाखवल्या, शाबासकी दिली. मग मुलाने धीर करून विचारले, "काका, सर्वांत अवघड काय असतं? चढ की उतार?"

ते म्हणाले, "चढ-उतार शिकवतात. अवघड असतात ती रुळांवर आलेली पोरं. भोंगा देतो, ब्रेक लावतो. पण गाडी काय सायकल आहे का? ब्रेक लावल्यावरही ती पुढे जातच राहते. तेवढ्या वेळात मला काही करता येत नाही, फक्त बघता येतं. कधी वाचतात. हसत पळून जातात. माझा हात मग तासभर थरथरत असतो. हे त्यांच्या मोबाइलमध्ये येत नाही."

त्यांना आमच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते. मी मुलाकडे पाहिले नाही. ह्यांनीही पाहिले नाही. सासूबाईंनी त्या गृहस्थांपुढे नारळाच्या वड्यांचा डबा धरला.

खिडकीतून घाट

दुपारी आधीच आरक्षित केलेल्या गाडीने लोणावळ्याला गेलो. पळसदरीनंतर खोपोलीचा फाटा वेगळा होतो आणि चढ सुरू होतो. मग बोगदे, दरी, पुन्हा बोगदा. ठाकुरवाडी, मंकी हिल अशा छोट्या केबिनी मागे पडतात. तिथे प्रवासी उतरत नाहीत, पण रेल्वेची माणसे ऊन-पावसात चोवीस तास पहारा देतात. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात, तेव्हा गस्त घालणाऱ्यांच्या डोळ्यांवरच आपल्या गाडीची भिस्त असते.

परतीच्या उतारावर मुलाने "कॅच सायडिंग" दाखवले. मुख्य रुळापासून फुटून वर डोंगराकडे चढणारा आणि तिथेच संपणारा एक रूळ. उतारावर सांधा नेहमी त्या आंधळ्या रुळाकडेच लावलेला असतो. येणारी गाडी ताब्यात आहे याची खात्री पटली, तरच तिला मुख्य मार्ग उघडून देतात. ब्रेक निकामी होऊन गाडी सुसाट आलीच, तर ती चढावर जाऊन आपोआप थांबते. ह्यांनी हे फार लक्ष देऊन ऐकले. नंतर मला हळूच म्हणाले, "मी पोरासाठी रूळ उखडून ठेवला होता. असं काहीतरी बांधायला हवं होतं."

संध्याकाळी पुन्हा कर्जत. मगरिबची अजान झाली. हे आणि मुलगा जवळच्या मशिदीत नमाज पढून आले. अंधार पडल्यावर डेक्कन क्वीन आली. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी. राणी असली तरी घाटापुढे तिलाही थांबून मागे आधार घ्यावा लागतो. सासूबाई म्हणाल्या, "तुझे आजोबा सांगायचे, चाकावर हातोडी मारली की चाक बोलतं. चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर बद्द बोलतं." मुलाने ते वाक्य वहीत लिहून घेतले.

दुसरा दिवस: पीरभॉय यांची गाडी

रात्री नेरळला नणंदेकडे मुक्काम केला. रविवारी सकाळी माथेरानची छोटी गाडी. नेरळ स्टेशनात ठेवलेले जुने वाफेचे इंजिन धाकटीने चारही बाजूंनी पाहिले.

ही रेल्वे सरकारने नव्हे, मुंबईच्या एका मुस्लिम कुटुंबाने बांधली, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? सर आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा समाजातील. काठियावाडातील धोराजीच्या गरीब घरात १८४६ मध्ये जन्म. मुंबईत येऊन त्यांनी सुरुवातीला काड्यापेट्या विकल्या. पुढे लष्कराला तंबू आणि चामड्याचे सामान पुरवून मोठे उद्योगपती झाले, आणि कमाईतला मोठा वाटा त्यांनी दानधर्मात घातला. माथेरानला रेल्वे नेण्यासाठी त्यांनी सुमारे १६ लाख रुपये घातले. प्रत्यक्ष काम त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी उभे राहून करून घेतले. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावली. सल्लागार होते लहान रेल्वेंचे नामांकित इंजिनीअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. वाकड्या वळणांवर चाके फिरावीत अशी खास इंजिने जर्मनीहून मागवली. ती १९८० च्या दशकापर्यंत चालली. मग डिझेल आले.

रूळ फक्त दोन फूट रुंदीचे. चढ काही ठिकाणी २० ला १, म्हणजे भोर घाटापेक्षा जवळपास दुप्पट. मार्ग २० किलोमीटरच्या आसपास, वळणे दोनशेहून अधिक, बोगदा मात्र एकच आणि तोही इवलासा. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशने घेत गाडी अडीच-पावणेतीन तासांनी माथेरानला पोहोचते. २००५ च्या पुरात हा मार्ग वाहून गेला होता, तो पुन्हा बांधावा लागला. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर गाडी थांबवली. एअर ब्रेक बसवले, दरीच्या कडेला कठडे उभारले, मगच ती सुरू केली. २०१९ च्या पावसात मार्ग पुन्हा खचला आणि नेरळहून पूर्ण प्रवास २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. दरवर्षी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंदच असते.

गाडी इतकी हळू चालते की कडेची फुले मोजता येतात. एका वळणावर पुढचे इंजिन आमच्याच खिडकीसमोर आले. मुलगा हसला. तसे मोकळे हसणे मी ईदनंतर पाहिले नव्हते. माथेरानात मोटारींना बंदी. लाल मातीची वाट, माकडे आणि झाडांची सावली. सासूबाई एका बाकावर टेकल्या आणि आदमजी शेठसाठी त्यांनी दुआ केली.

आईवडिलांसाठी थोडे

मुलांना गाड्यांचे वेड असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रूळ ओलांडणे वा रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घाटातल्या बोगद्यांत गाडी आली तर बाजूला व्हायला पुरेशी जागा मिळेलच असे नाही, आणि वळणामुळे आवाजाची दिशा चटकन कळत नाही. डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो. उभ्या मालडब्यावर चढून तारेला हात न लावताही मुले भाजून मरतात. गाड्या पाहायला फलाट, पादचारी पूल आणि गाडीची खिडकी या तीन जागा पुरेशा आहेत. कर्जत, लोणावळा, नेरळ, आणि नाशिकच्या बाजूने कसारा व इगतपुरी ही चांगली ठिकाणे. फलाट तिकीट काढा, निघण्याआधी वेळा तपासा, माथेरानला जायचे तर तिकीट खिडकीवर लवकर पोहोचा.

आणि मुलाला वही घेऊन द्या. नोंद ठेवायची म्हटले की थांबावे लागते, नीट पाहावे लागते. रीलसाठी पळावे लागते.

रविवारी रात्री घाटकोपरला मेट्रोची वाट पाहताना मुलाने वडिलांकडे मोबाइल मागितला. ह्यांनी तो सोबत आणला होता. खिशातून काढून दिला. त्याने ती रील आपल्या खात्यावरून काढून टाकली, मित्रांना काहीतरी लिहिले आणि मोबाइल परत ह्यांच्या हातात ठेवला. माफी मागितली नाही. आम्हीही मागायला लावली नाही.

घरी आल्यावर म्हणाला, "अब्बा, पुढच्या महिन्यात कसारा घाट. तिथेही बँकर लागतो."

"मी कशाला? तुझे मित्र असतील ना?"

"तेही येतील. पण तुम्ही मागे बसा."